भाजल्यानंतरचा तिसरा दिवस

कुरुंद्याच्या स्टँडवर नांदेडची एसटी उभी होती आणि तुमचे आबा माझ्या खिडकीखाली उभे राहून मला सोडून सगळ्यांशी बोलत होते. कंडक्टरला सांगत होते, "आमच्या बाईला रेल्वे टेशनाजवळ उतरवा, सामान हाये." माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला विचारत होते, "तुमी कुठवर? नांदेड? मग जरा ध्यान ठेवा." ट्रंक टपावर नीट बांधली का, ते स्वतः शिडी चढून पाहून आले. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीच्या गजांतून त्यांनी हळदीची पुरचुंडी आत सरकवली. "घरची हाये. मिलिंदला म्हणावं, तिकडची इकतची खाऊ नका." गाडी हलली. ते थोडं सोबत चालले आणि मग म्हणाले, "हळद निघाली की न्यायला येतो."

मैत्रेयी, राहुल, तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून मोठ्या अक्षरात आणि क्रमानं लिहिते आहे. परवा फोनवर तुमचा बाबा, माझा मिलिंद, मला म्हणाला, "आई, दर रविवारी कधी येता, कधी येता असं विचारत जाऊ नकोस. मुलांना उगाच अपराध्यासारखं वाटतं." तो फोन कॅनडातून होता आणि त्याला ऑफिसला जायचं होतं, म्हणून मी फक्त "बरं" म्हटलं. माझं उत्तर खरं म्हणजे लांबलचक आहे आणि त्यात कॉफी येते. ते फोनवर मावलं नसतं.

मी गेले ते थंडीचे दिवस होते. मैत्रेयी, तुझा जन्म झाला होता, तुझ्या आईची रजा संपत आली होती, आणि मी वसमतच्या हायस्कूलमधून नुकतीच निवृत्त झाले होते. सगळ्यांच्या दृष्टीनं हिशेब सोपा होता. मी बंगलोरला जायचं, तू जराशी मोठी होईपर्यंत थांबायचं, उन्हाळ्यात परत यायचं. ते थांबणं पुढं लांबतच गेलं. तेव्हा आपला जिल्हा परभणी होता. मी पहिल्यांदा परत आले तेव्हा एसटीच्या पाट्यांवर हिंगोली जिल्हा आला होता. म्हणजे मी ज्या जिल्ह्यातून निघाले, त्यात मला कधीच परत येता आलं नाही. हा विनोद मी आबांना सांगितला होता. त्यांना तो आवडला नाही.

आबा माझ्यासोबत का आले नाहीत, हे आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला ते नुसते हट्टी वाटतील. आपली कॅनॉलकाठची जमीन आबांच्या वडिलांनी विकत घेतली होती. त्याआधी ते शेजारच्याच रानात दुसऱ्याकडे सालगडी होते. वर्षभर राबायचं आणि वर्षाच्या शेवटी धान्य घ्यायचं. आबा लहानपणी त्या बांधावर बसून आपल्या वडिलांची भाकरी राखत. नंतर त्याच बांधाच्या अलीकडे आपली हळद उभी राहिली. "ते रान बटईनं देऊन मी तुमच्या गॅलरीत कुंड्याला पाणी घालत बसू?" असं ते म्हणत. याची दहा उत्तरं मला सुचत, पण बंगलोरला पोचल्यावर.

मला ते तिकडं हवे होते. त्यांना मी इकडं हवी होते. आमच्या संसारात भांडणाचा विषय एवढाच, पण तो शेवटपर्यंत पुरला.

रविवारी सकाळी ते गावातल्या एसटीडी बूथवर येत. आधी पाऊसपाणी, मग बेणं, मग कोण गेलं आणि कोण बाळंत झालं. मला ऐकू येई की ते मीटरकडे बघत बोलताहेत, कारण शेवटी घाई होई. आणि फोन ठेवण्यापूर्वी दर वेळी एकच प्रश्न, "मग, कवा येऊन राहिली?" मी म्हणे, "तुम्ही कधी येता ते सांगा." ते म्हणत, "हळद निघाली की." हळद निघाली की शिजवायची असे, शिजली की वाळवायची, वाळली की पॉलिश करून वसमतच्या मोंढ्यावर विकायला न्यायची, आणि तोवर पुढच्या लागवडीचं बेणं निवडायला घ्यावं लागे. हळद तशी कधीच पूर्ण निघत नाही.

आता कॉफी.

आपल्याकडे कॉफी पेय म्हणून नव्हतीच. ती एक मानाची गोष्ट होती. साहेब आले, मुलगी बघायला पाहुणे आले किंवा कुणी आजारातून उठलं, की डब्यातली पावडर चमचाभर दुधात घालायची आणि वरून जायफळ किसायचं. लागायची ती जायफळासारखी. बाकी सगळं आयुष्य चहावर. मी तर चहा कायम उभ्यानंच प्यायले, घरी ओट्याशी आणि शाळेत खिडकीशी. शाळेत खिडकीशी का, तेही सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत स्टाफरूममध्ये माझा कप वेगळा होता, कान तुटलेला. कुणी काही बोललं नव्हतं. पहिल्या दिवशी तो माझ्यापुढे आला आणि रोज तोच येत राहिला. पुढं काळ बदलला, कपही बदलले, मी मुख्याध्यापिकेच्या खुर्चीपर्यंत गेले. पण चहा घेऊन खिडकीशी जायची सवय गेली नाही. आबांना हे माहीत होतं. त्यांनी एकदाच विचारलं होतं, "अजून हाये का तो कप?" मी म्हटलं, फुटला. ते म्हणाले, "फुटला का फोडला?" आणि आम्ही दोघं हसलो होतो.

बंगलोरला आमच्या इमारतीच्या खाली कॉफीचं दुकान होतं. ते आठवड्यातून दोनदा बिया भाजत. त्या दिवशी जिन्यात इतका दाट वास भरे की मैत्रेयी, मी तुला पदराखाली घेऊन वर पळत असे. मला तो करपल्याचा वास वाटे. आपल्याकडे असा वास आला की बायका शेगडीकडे धावतात. वरच्या मजल्यावर सावित्रम्मा राहायच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय त्यात लक्ष असणाऱ्या. एके दिवशी त्या मला हाताला धरून घरी घेऊन गेल्या. "आप टीचर है ना?" त्या म्हणाल्या, "तो बैठो और सीखो."

बसा म्हणाल्या, म्हणून मी बसले. त्यांनी स्टीलच्या फिल्टरमध्ये पावडर घातली आणि वरून कढत पाणी ओतलं. पावडर फुगून वर आली, भिजलेल्या पिठाला फेस यावा तशी. "देखा? जिंदा है," त्या म्हणाल्या. मग शेजारी दुसऱ्या डब्यातली जुनी पावडर घेऊन तिच्यावर पाणी ओतलं. ती नुसती ओली होऊन बसून राहिली आणि पाणी सरळ खाली निघून गेलं. "ये मर गया. इसको पिओ तो खाली कडवा लगेगा, और कुछ नहीं."

मग ज्या पेल्यातून त्या स्वतः पीत, तसाच पेला त्यांनी माझ्यापुढे ठेवला. त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं. त्यावरून त्यांना काही कळलं नाही किंवा कळूनही त्यांनी काही केलं नाही, ते मला कधी समजलं नाही आणि मी विचारलंही नाही. मी बसून ती कॉफी प्यायले. कडू होती, पण कडूपणाच्या मागे काहीतरी होतं, भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखं, गुळाच्या काहिलीसारखं.

सावित्रम्मांकडून मी जे शिकले ते असं. बी कच्ची असते तेव्हा हिरवट असते, तिला वास नसतो आणि ती वर्षभर टिकते. भाजली की तिच्यात जे दडलेलं असतं ते बाहेर येतं आणि त्याच क्षणापासून ते उडून जायला लागतं. भाजलेली अख्खी बी काही आठवडे दम धरते. दळली की काही दिवसच. हवा लागली, ऊन लागलं, शेजारी दुसरा वास असला, की आणखी लवकर. त्यात वास आधी जातो. कडूपणा शेवटपर्यंत राहतो. म्हणून त्या पावशेराहून जास्त कधी घेत नसत. "दूध रोज लेते ना? कॉफी भी वैसाइच."

तुम्ही दुपारी झोपलात की मी गॅलरीत खुर्ची टाकून बसे, हातात पेला. मी इतकी वर्षं शिकवलं, पण असं बसून, कुणाची वाट न बघता, कुणाच्या नजरेचा विचार न करता काही प्यायल्याचं मला आठवत नव्हतं. हे मी आबांना फोनवर सांगत असे. मला वाटे, त्यांनाही हे एकदा मिळावं. त्यांनी तर स्वतःच्या घरीही कधी पाहुण्याच्या आधी कप उचलला नाही.

म्हणून कुणी नांदेडकडे निघालं की मी ताज्या कॉफीची पुडी पाठवी. आबांना ती मिळे. पण आबा हळदीचे माणूस. हळद एकदा शिजून वाळली, की तिला काळ नाही. कोरडी राखली तर वर्षानुवर्षं राहते, आणि मोंढ्यात कुणी तिचा जन्म विचारत नाही. "वाळलेलं नासत न्हाई," हा त्यांचा सिद्धांत होता आणि तो त्यांनी कॉफीला लावला. पुडी स्टीलच्या डब्यात, डबा माळवदाखालच्या फळीवर, फळीखाली हळदीची पोती. आणि सगळं राखून ठेवलेलं पाहुण्यांसाठी.

मी दोन उन्हाळ्यांनंतर गेले तेव्हा पाहुणी मीच होते. त्यांनी धाकट्या भावाच्या बायकोला, म्हणजे तुमच्या कौसल्याआजीला, चुलीपासून उठवलं आणि स्वतः कॉफी केली. चहासारखी, चांगली खळखळ उकळून. तो डबा त्यांनी माझ्या देखत उघडला. पावडर फिकी पडली होती आणि तिला पोत्याचा वास लागला होता. आम्ही दोघं ती प्यायलो. त्यांनी शेवटचा घोट गिळला, कप उपडा ठेवला आणि म्हणाले, "हे पिण्यासाठी तिकडं ऱ्हायलीस व्हय?"

मी म्हटलं, "ही शिळी झाली आहे."

"शिळी कशी? भाकर हाये का? बंद डब्यात होती."

"भाजलेलं राहत नाही हो."

"मग असलं न राहणारं पाठवतीस काहून?" ते म्हणाले. कौसल्या चुलीकडे तोंड करून हसत होती. मलाही हसता आलं असतं. पण मला दिसत होतं की त्यांच्या डोक्यात बंगलोर म्हणजे आता ही चव झाली आहे. बायको घर सोडून गेली, ती पोत्याच्या वासाचा कडू काढा प्यायला.

तेव्हापासून मला एकच ध्यास लागला. त्यांनी ती एकदा चांगली प्यावी. एकदा प्याले की ते समजतील आणि येतील. शिकलेल्या बाईनं असा विचार करावा का, असं तुमचा बाबा विचारेल. कॉफीनं माणूस हलतो का? पण माझ्याकडे दुसरा कुठला पुरावा होता? गॅलरी पार्सलनं पाठवता येत नाही.

सावित्रम्मांच्या भावाचा चिक्कमगळूरकडे लहानसा मळा होता. त्यांच्याकडून मी कच्च्या हिरव्या बिया घेतल्या. ह्या टिकणार होत्या. कुरुंद्याला नेऊन तिथंच भाजायच्या, म्हणजे शिळेपणाचा प्रश्नच मिटला. मी स्वतःवर खूश होते.

त्या वर्षी मी हळद शिजवायच्या दिवसांत गेले. रानात मोठ्या काहिलीखाली जाळ होता, वाफेचा तो मातकट वास सगळ्या शिवारात होता, आणि आबा माणसांच्या गडबडीत होते. मला फार दिवस नव्हते. तुमच्या आईची रजा लगेच संपणार होती, राहुल तेव्हा अंगावरचा होता. निघायच्या आदल्या दिवशी मी चुलीवर लोखंडी कढई ठेवली आणि बिया भाजायला घेतल्या. आधी गवतासारखा वास आला, मग भाकरीसारखा, मग धूर. मग लाह्यांसारखा तडतड आवाज सुरू झाला.

कौसल्या दारात येऊन उभी राहिली. "बाई, काय करपवून राहिल्या?"

"कॉफी भाजते आहे."

"असं जाळायचंच होतं तर एवढ्या लांबून काहून आणलं? इथं काय जाळायला कमी हाये?"

लाइट नव्हती, म्हणून मिक्सर नव्हता. बिया सुपात घोळवून थोड्या निवल्या की खलबत्त्यात कुटल्या. अजून कोमट होत्या. मला त्याचाच आनंद होता. आपल्याकडे ताजं म्हणजे तव्यावरून ताटात. भाकरी असो, भजी असो, फुटाणे असोत, भट्टीवरून हातात घेतलेल्याची सर कशालाच नाही. यापेक्षा ताजी कॉफी बंगलोरातही कुणी प्यायलं नसेल, असं मी आबांना सांगितलं. रानातून हातपाय धुऊन ते आले आणि बसले. खरंच बसले. पाटावर, मांडी घालून.

मी पाणी ओतलं आणि पावडर उसळली. इतकी उसळली की फिल्टरचं झाकण उचललं गेलं आणि साबणासारखा फेस बाहेर आला. पाणी आत जाईचना. जो अर्क उतरला तो धुरकट होता, आंबूस, जिभेला चरचरणारा, आणि त्यात पुन्हा पोकळ. मी पहिल्या घोटाला ओळखलं की काहीतरी चुकलं आहे. काय चुकलं ते कळेना. आबा ती पूर्ण प्यायले. तोंड वाकडं केलं नाही. मग आतल्या बाजूला हाक मारली, "कौसल्ये, च्या ठेव गं."

एवढंच.

मी उरलेली पावडर डब्यात घालून फिल्टरसकट त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "असू द्या. आल्यागेल्याला द्या." दुसऱ्या दिवशी ते मला स्टँडवर सोडायला आले. या वेळी कंडक्टरशीही बोलले नाहीत. गाडी हलताना मात्र नेहमीचं वाक्य आलं, "कवा येऊन राहिली?" आणि मी, तोंडात अजून ती आंबट चव घेऊन, म्हटलं, "तुम्ही यायचं बघा."

बंगलोरला सावित्रम्मांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "उसी दिन पिलाया? भजिया है क्या?" मग त्यांनी मला सांगितलं ते मला आधी विचारता आलं असतं. भाजलेल्या बीत गॅस कोंडलेला असतो. तो निघून जाईपर्यंत तिला गप्प राहू द्यावं लागतं. दोन दिवस कुणी हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी ती बोलायला लागते. त्याआधी नुसता धूर, त्यानंतर काही दिवस सोनं, आणि मग हळूहळू काही नाही. त्या म्हणाल्या, "घरवाले को फोन करो, बोलो आज पिओ."

मी केला नाही. घरी तेव्हा फोन नव्हता, बूथवाल्याकडे निरोप ठेवावा लागे, आणि तो निरोप काय ठेवायचा? हळद शिजवणाऱ्या माणसाला बोलावून सांगायचं की फळीवरची कॉफी आज प्या? ती त्यांनी पाहुण्यांसाठी ठेवून दिली असणार, याची मला खात्री होती.

रविवारी त्यांचा फोन आला. पाऊसपाणी झालं. हळदीचा रंग चांगला उतरला म्हणाले. मी विचारलं, "कॉफी?" ते म्हणाले, "हाये." मग म्हणाले, "बरं, ठेवतो. लेकरायला जप."

आणि फोन ठेवला. "कवा येऊन राहिली" म्हणाले नाहीत.

मला वाटलं, मीटर पळत असेल. पुढच्या रविवारीही म्हणाले नाहीत. त्याच्या पुढच्याही. मग मला कळलं की हे ठरवून आहे. ऐन हळदीत मी निघून आले म्हणून हा राग. एवढी लांबून आले, चुलीपाशी बसून डोळे चोळत बिया भाजल्या, आणि ह्यांना राग. मग मीही "तुम्ही कधी येता" म्हणायचं सोडलं. त्यांनी विचारलं तर मी विचारीन. आमच्या दोघांच्याही घरात हट्टाला नाव ठेवत नसत.

पुढं गावात घरी फोन आला, बूथ बंद झाला, रविवारचे फोन चालू राहिले. आम्ही पाऊस बोललो, तुमच्या शाळा बोललो, कुणाच्या गुडघ्यांचं बोललो. लग्नाकार्याला मी जाई आणि पाहुण्यासारखी राहून येई. त्यांनी मला कधी थांब म्हटलं नाही. स्टँडवर सोडायला येत आणि गाडी हलली की हात वर करत. मी मनात म्हणे, बघू कोण आधी बोलतं ते. मी शाळेत मुलांना शिकवत असे की मौनाचाही अर्थ असतो. कुठला अर्थ, हे मात्र मौन सांगत नाही.

आबा गेले ते रानातच. सकाळी पाणी द्यायला गेले आणि बांधावर बसले ते बसलेच राहिले. मिलिंद आणि मी पोचलो तेव्हा सगळे आमचीच वाट बघत होते. ते दिवस मी लिहिणार नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, मंडप उतरला, माणसं पांगली, मिलिंद गावात कागदपत्रांच्या कामाला गेला. मी आणि कौसल्या मागच्या ओट्यावर बसलो होतो. तिनं कोरा चहा केला होता. मी सहज फळीकडे पाहून म्हटलं, "तो कॉफीचा डबा दिसत नाही. पाहुण्यांनी संपवला वाटतं."

"पाहुण्यांनी?" कौसल्या म्हणाली. "दादांनी कुणाला बोट लावू दिलं न्हाई त्याला."

तिनं चहा बशीत ओतला आणि सांगितलं. मी निघून गेल्यावर दोन दिवस डबा तसाच पडून होता. मग ते जेवायला घरी आले आणि काय मनात आलं कोण जाणे, डबा उघडला. "वास बघा बाई, पार गोठ्यापर्यंत गेला. मी म्हणलं, हे कालपरवाचं जळकं न्हवं. दादा म्हणले, 'हा वास त्या दिवशी न्हवता.' मग तुमी केली तशीच केली, त्या भोकाच्या पेल्यात, थेंब थेंब. ह्यांनी मागितली तर देईनात. एकटेच पिले, पाटावर बसून. मग रोज. डबा सरेपर्यंत. पाहुणे आले तरी च्याच."

"आणि काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणले, 'लई चांगली हाये गं.' मग म्हणले, 'आता कळलं ती काहून येत न्हाई. तिथं तिला बसून प्यायला भेटतं. असं असल्यावर कोण येईल इथं. आता तिला इचारायचं न्हाई. इचारलं की तिला तकलीफ होती.'"

मी कौसल्येला म्हटलं, "मला सांगितलं नाहीस?"

ती म्हणाली, "मला वाटलं, तुमाला ठावं हाये. नवरा-बायकोतली गोष्ट. अन् तुमी कधी इचारलं?"

मुलांनो, ही हकीकत इथं संपते. मी ती कॉफी त्यांना बोलावण्यासाठी नेली होती. ती बिघडलेलीच राहिली असती, तर ते मरेपर्यंत दर रविवारी विचारत राहिले असते. ती चांगली निघाली म्हणून त्यांनी मला सोडून दिलं. आणि सोडलंय हे मला सांगितलं नाही, आणि मी त्याला राग समजून इतकी वर्षं रागानं उत्तर देत बसले. कधीकधी मला त्यांचा संताप येतो. तुम्ही कोण ठरवणारे, असं मला त्या बांधावर जाऊन म्हणावंसं वाटतं. आणि कधी वाटतं, त्यांनी ओळखलं ते चूक तरी कुठं होतं? मला तिथं बसायला मिळत होतं. एका पेल्यावरून माणसानं एवढं ओळखावं, आणि मी एवढी शिकलेली, मला रिकाम्या फोनमधून काही ओळखू येऊ नये.

पुढं तुमच्या बाबाला कॅनडात काम मिळालं. मला न्यायची सगळी तयारी त्यानं केली होती. मी नको म्हटलं आणि कुरुंद्याला परत आले, जेव्हा तिथं माझी वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं तेव्हा. जमीन आता धाकटे भाऊजी बघतात. कौसल्या संध्याकाळी येते आणि म्हणते, "करा बाई तुमचं जळकं." आम्ही दोघी ओट्यावर बसून पितो. तिला ती आवडत नाही. सोबत म्हणून पिते.

लोक मला विचारतात, बाई, आता घरी आल्यासारखं वाटतं का? मी हो म्हणते. खरं म्हणजे बंगलोरला असताना, ज्या वर्षांत दर रविवारी मला "कवा येऊन राहिली" असं कुणी विचारत होतं, तेव्हा मला घर होतं. तो प्रश्न थांबला तेव्हाच ते गेलं. आता मी त्याच भिंतींत राहते आहे, एवढंच. मोठ्या माणसांना वाटतं की न विचारणं म्हणजे समजूतदारपणा. मी तो समजूतदारपणा भोगला आहे. मला तो तुमच्यावर करायचा नाही.

म्हणून तुमच्या बाबाला सांगा, मी विचारणार. तुम्ही "बघू" म्हणा, "परीक्षा झाली की" म्हणा. आबाही "हळद निघाली की" म्हणत, आणि तेही खोटं बोलत नव्हते. तुम्ही बहुतेक येणार नाही, हे मला कळतं. तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून मी विचारत नाही. थोडं वाटलं तर वाटू द्या, त्यानं माणूस मरत नाही.

चिक्कमगळूरच्या हिरव्या बिया अजून सावित्रम्मांची भाची पाठवते. त्या मी पोत्यांपासून लांब, वेगळ्या खोलीत ठेवल्या आहेत. कच्च्या आहेत तोवर त्यांना घाई नाही. तुम्ही एसटीतून उतरलात की मी कढई ठेवीन. त्या दिवशी मिळणार नाही, दुसऱ्या दिवशीही मिळणार नाही. दोन दिवस तुम्हाला चहाच प्यावा लागेल आणि कौसल्याआजीचे टोमणे ऐकावे लागतील. तिसऱ्या दिवशी सकाळी आपण ओट्यावर बसून पिऊ. तेव्हा तिकिटं काढताना तेवढं धरून काढा.

मग, कधी येताय?